उजवीकडच्या उसात मुक्कामी असलेल्या स्लाइसला अनावृत पत्र

प्रति,
श्रीमान स्लाइस,
मुक्काम उजवीकडचा ऊस, भवानीनगरच्या अलीकडे,
ता. इंदापूर, जि. पुणे.



आपण खुशाल असाल, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. माझी खुशाली विचारू नये. ती आपण स्वतःच्या हातांनी बिघडवलेली आहे, तेव्हा माहिती आपल्याकडे अधिक असणार.

पत्र खुलं लिहितो आहे, कारण खासगीत बोलून झालं. ड्रायव्हर नावाची काठी फिरवून झाल्यावर माझ्या तोंडून जे शब्द निघत ते सगळे आपल्यालाच उद्देशून होते. पण ते बांधावरून जाणाऱ्या एका पेशंटच्या कानावर पडले आणि दुसऱ्या दिवशी बारामतीच्या दवाखान्यात, रक्तदाब तपासून घेताना, ‘डॉक्टर, तुमचाच आधी बघा’ असं ऐकून घ्यावं लागलं. म्हणून हे सभ्य भाषेत, लेखी.

वाचकांना आपली ओळख करून देणं भाग आहे. आपल्याकडे गोल्फ म्हणजे टीव्हीवर चॅनल बदलताना मध्येच लागणारं हिरवं गवत. खेळाचा कायदा सोपा आहे. 45.93 ग्रॅमपेक्षा जड नसलेला आणि 42.67 मिलिमीटरपेक्षा लहान नसलेला चेंडू काठीने मारत मारत 108 मिलिमीटर रुंदीच्या भोकात घालायचा. अशी अठरा भोकं. ज्याला सगळ्यात कमी फटके लागले तो जिंकला. बारामतीकराला 108 हा आकडा परका नाही. मोरोपंतांनी 108 रामायणं रचली असं आपण शाळेपासून ऐकतो. पंतांनी केकावलीत देवाला जे आळवलं, त्याच गावात राहून मी आपल्याला आळवत होतो. फरक एवढाच की देव कधीतरी ऐकतो अशी लोकांची समजूत आहे.

तर आपण म्हणजे काय? उजव्या हाताने खेळणाऱ्या माणसाने चेंडू सरळ मारावा, चेंडूनेही सुरुवातीला आज्ञाधारकपणे निघावं, आणि हवेत अर्ध्या वाटेवर गेल्यावर त्याने उजवीकडे वळत वळत थेट परक्याच्या हद्दीत जाऊन पडावं, ही सगळी करणी आपली. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत राजकारणात कोण कधी कुठे वळेल याचे अंदाज बांधणारी माणसं टपरीटपरीवर बसलेली असतात. आपल्यापुढे त्यांनीही हात टेकले.

माझी सरावाची जागा आपल्याला पाठ आहेच, वाचकांसाठी सांगतो. खरे कोर्स पुण्याकडे. येरवड्याला पूना क्लबचा, खडकवासल्याला एनडीएचा, आणखीही आहेत. बारामतीहून पाटसमार्गे शंभरेक किलोमीटर. रोज जाणं शक्य नाही, आणि दवाखाना रविवारीच बंद असतो. म्हणून शेतातल्या मुरमाड पट्टीवर सराव. तिथे बापजाद्यांच्या काळापासून काही पिकलेलं नाही. नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन सुटलं तरी चारीच्या टेलला असलेल्या या पट्टीपर्यंत पाण्याचा निरोप तेवढा येतो, पाणी येत नाही. डावीकडे ती चारी, समोर लांबवर एक लिंबाचं झाड, आणि उजवीकडे शेजाऱ्याचा आडसाली ऊस. माणसाच्या दुप्पट उंच, आत शिरलं की दिशा कळत नाही, पाचटात घोणस असली तर तीही कळत नाही. एवढी मोकळी जमीन सोडून आपल्याला मुक्कामाला जागा सापडली ती त्या उसात. आपल्या चोखंदळपणाला दाद दिली पाहिजे.

इथे एक बाजूची गोष्ट सांगतो, कारण ती मला टोचत असते. आमच्या वाटेकरी मामांना मी एकदा मोबाइलवर कोर्सचे फोटो दाखवले. त्यांनी बराच वेळ ते हिरवं गवत बघितलं आणि विचारलं, ‘ह्याला पाणी किती लागतं?’ आकडा मी टाळला. पाळीसाठी रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन दारं धरणाऱ्या माणसाला गवताच्या पाण्याचा हिशोब सांगायला जीभ रेटत नाही. या दुष्काळी पट्ट्यात एकही गोल्फ कोर्स नाही याचं मला दुःख नाही. मुरमावर खेळलेलं बरं.

हां, तर आपण.

आपण आलात ते न सांगता. त्याआधी माझा हँडिकॅप अठराच्या आसपास होता. म्हणजे कसलेल्या खेळाडूपेक्षा मला फेरीला अठरा फटके जास्त लागायचे. आमच्या वयाच्या, आमच्या वेळेच्या माणसाला हे भूषणावह आहे. मग एका रविवारी कोर्सवर, पहिल्याच टीवर म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, मागे चारचौघं चहाचे कप घेऊन उभे असताना, आपण पदार्पण केलंत. चेंडू झाडीत. दुसरा चेंडूही झाडीत. कुणीतरी मागून हळूच ‘होतं असं’ म्हणालं. गोल्फमध्ये यापेक्षा अपमानकारक वाक्य नाही. त्यानंतर हँडिकॅप पंचविशीच्या दिशेने निघाला तो थांबायचं नाव घेईना. पेशंटचं साखरेचं प्रमाण असं चढलं असतं तर मी त्याला पुण्याला पाठवलं असतं. आणि उसाच्या पट्ट्यात साखरेचे पेशंट काही कमी नाहीत, तेव्हा चढते आलेख ओळखण्याची सवय आहे मला.

आपल्या कार्यपद्धतीचा मी अभ्यास केला. राग बाजूला ठेवून सांगतो, आपण कलावंत आहात. काठीचं टोक आणि चेंडू यांची भेट जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदाची. तेवढ्या वेळात काठीचा चेहरा जिकडे बघत असेल, साधारण तिकडे चेंडू निघतो. पण काठी स्वतः ज्या वाटेने येते ती वाट वेगळी असली, बाहेरून आत, उजवीकडून डावीकडे कापत आलेली असली, आणि चेहरा त्या वाटेच्या मानाने उघडा राहिला, की चेंडूच्या फिरकीचा अक्ष कलतो आणि चेंडू उजवीकडे वाकतो. अंगावरच्या खळग्यांमुळे हवा त्याला धरते आणि बाकीचं काम पूर्ण करते. काठी जितकी लांब आणि तिचा चेहरा जितका उभा, तितकं आपलं राज्य मोठं. ड्रायव्हर ही पिशवीतली सगळ्यात लांब काठी, चेहऱ्याचा उतार अवघा दहाएक अंशांचा. म्हणून आपला दरबार तिथे भरतो. सात नंबरच्या आयर्नचा चेहरा तिशीच्या पुढे कललेला. चेंडूला उलटी फिरकी इतकी मिळते की आपल्याला वाकवायला फारसं काही उरत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

पण आपली खरी हुशारी इथे नाही. ती पुढच्या पायरीत आहे. चेंडू उजवीकडे जातो म्हटल्यावर माणूस काय करतो? डावीकडे नेम धरतो. पाय डावीकडे, खांदे डावीकडे, नजर चारीकडे. झालं, काठीची वाट आणखी डावीकडे कापायला लागते, चेहरा आणि वाट यांतलं अंतर वाढतं, आणि चेंडू आधीपेक्षा जास्त वाकून त्याच उसात. अजून डावीकडे वळावं तर अजून उजवीकडे. एक वेळ अशी आली की मी जवळजवळ चारीकडे नेम धरून उभा होतो आणि चेंडू वळसा घालून शेजाऱ्याच्या उसात पडत होता. मामा म्हणाले, ‘साहेब, आता तिकडं बघूच नका, इकडंच मारा म्हणजे तिकडं जाईल.’ रोगावरचा उपाय हेच रोगाचं खाद्य, असा आजार वैद्यकात क्वचित बघायला मिळतो. डोकेदुखीच्या गोळ्या रोज खाल्ल्याने जडणारी डोकेदुखी हे एक उदाहरण. आपण दुसरं.

मग सल्लागार आले. आपले एजंटच म्हणू या, कारण त्यांनी प्रत्येकाने आपलीच सोय बघितली.

पहिला मान कोर्सवरच्या ज्येष्ठांचा. गोल्फमध्ये नियमाने स्पर्धेच्या फेरीत प्रतिस्पर्ध्याला सल्ला देता येत नाही. बहुधा म्हणूनच बाकीचा सगळा वेळ लोक सल्ला देण्यात घालवतात. एकाने सांगितलं, डोकं हलतंय. दुसऱ्याने सांगितलं, डोकं फार घट्ट धरलंय. तिसऱ्याने उजवं कोपर बरगडीला चिकटवायला लावलं आणि चौथ्याने ते सोडवलं. पाचव्याने काहीच सांगितलं नाही, फक्त माझा फटका बघून मान हलवली. त्याचा परिणाम सगळ्यात वाईट झाला.

त्यानंतर मोबाइल. रात्री जेवण झालं की मी आपल्यावरचे व्हिडिओ बघत बसायचो आणि सौ. विचारायची, ‘कुठल्या आजाराचं बघताय?’ एक गोरा गुरू म्हणतो, पकड सैल ठेवा. पुढचा म्हणतो, पकड बळकट करा. कंबर आधी फिरवा, कंबर शेवटी फिरवा. सकाळी पट्टीवर उभं राहिलं की ही सगळी मंडळी एकाच वेळी कानात बोलायला लागायची. आमच्याकडे कधी कधी असा पेशंट येतो ज्याने पाच डॉक्टर केलेले असतात आणि पाचही चिठ्ठ्यांतल्या गोळ्या तो एकाच डबीतून घेत असतो. चक्कर का येते म्हणून विचारायला तो सहाव्याकडे येतो. मी अशा माणसाची आधी डबी काढून घेतो. स्वतःच्या कानातली डबी काढून घ्यायला दुसरा डॉक्टर कुठून आणायचा?

पुण्यातल्या एका दुकानदाराने तर आपल्या नावाने धंदा मांडला होता. टाचेकडे वजन जास्त असलेला खास ड्रायव्हर दाखवून म्हणाला, ‘हा आपोआप चेहरा मिटवतो.’ किंमत ऐकून माझा चेहरा मिटला. घेतला. आपल्याला तो आवडला असावा, कारण आपण त्याच्याबरोबर पहिल्या दिवसापासून रमलात.

शेवटी गावातले. दवाखान्यात गुडघा दाखवायला येणारा एक जुना पैलवान, ज्याने लाल मातीत उभी हयात घालवली, म्हणाला, ‘डॉक्टर, मनगटं बांधल्यासारखी धरताय. पकडीत जोर लावला की माणूस आपलाच अडकतो.’ आणि संध्याकाळी पट्टीच्या कडेने जाणारी क्रिकेटची पोरं. बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर 2020 मध्ये रणजीचा सामना झाला तेव्हापासून आमच्याकडची पोरं तंत्राबद्दल अधिकारवाणीने बोलतात. त्यातला एक, मिसरूडसुद्धा न फुटलेला, म्हणाला, ‘डॉक्टर, क्रॉस बॅट खेळताय.’ आणि काठी मागून घेऊन त्याने, आयुष्यात पहिल्यांदा, चेंडू लिंबापर्यंत सरळ मारला. दुसरा मारला. तिसऱ्याला मी काठी परत घेतली. एवढ्या व्हिडिओंमधून जे निदान मला कळायला आठवडे लागले ते त्याने दोन शब्दांत सांगितलं, आणि तरीही मला ते सोसवलं नाही. आपली एवढी बाजू घेतोच: माणसाचा अहंकार आपल्याला भाड्याने जागा देतो.

आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडीवरून इंदापूरकडे जाते. ते दिवस मी काठी हातात घेत नाही. रस्त्याने माणसांचा पूर चाललेला असताना आपल्यासारख्या बेभरवशाच्या माणसाला मोकळं सोडणं बरं नव्हे. पण आदल्या दिवशीचे चेंडू शोधायला उसाच्या कडेला वाकलो होतो. पाणी प्यायला थांबलेल्या एका वारकरी आजोबांनी विचारलं, ‘काय हुडकताय माउली?’ म्हटलं, चेंडू. ‘नातवाचा व्हय?’ मी हो म्हणालो. आपल्यामुळे मला वारकऱ्याशी खोटं बोलावं लागलं, हेही कुठेतरी नोंदलं जावं.

आता आपल्या खानदानाविषयी. आपण एकटे नाही हे मला ठाऊक आहे. डावीकडे वळणारे आपले बंधू हूक आहेत, भोकाजवळ पटर नावाच्या काठीने चेंडू ढकलताना मनगटं थरथरवणारे यिप्स आहेत. त्यांनी गाजवलेले पराक्रम पाहिले की माझ्यावरची आपली कृपा किरकोळ वाटते. ऑस्ट्रेलियाचा इयान बेकर-फिंच 1991 मध्ये रॉयल बर्कडेलला ब्रिटिश ओपन जिंकला. चार वर्षांनी सेंट अँड्र्यूजला, आर्नल्ड पामरच्या शेवटच्या ओपनमध्ये त्याच्यासोबत खेळताना, याने पहिल्याच होलवर चेंडू डावीकडे हद्दीबाहेर घालवला. तिथे पहिल्या आणि अठराव्या होलचं गवत एकमेकांना लागून आहे; गोल्फमध्ये याहून रुंद जागा शोधून सापडणार नाही. 1997 च्या ओपनमध्ये ट्रूनला त्याला पहिल्या फेरीत 92 फटके लागले, आणि त्याने स्पर्धा सोडली. पुढे तो टीव्हीवर दुसऱ्यांच्या फटक्यांवर बोलायला लागला. आपल्या खानदानाने माणसाला दिलेला हा सगळ्यात सन्मान्य निरोप असावा.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो राल्फ गुल्डाल. 1937 आणि 1938, लागोपाठ दोन वर्षं अमेरिकन ओपन. 1939 ला मास्टर्स. त्या काळात त्याच्यासारखा तो एकटा. त्याच सुमारास त्याला गोल्फ शिकवणारं पुस्तक लिहायला सांगितलं. तोवर तो चेंडू मारत होता. आता तो चेंडू कसा मारतो हे त्याला शोधून काढावं लागलं. आरशासमोर उभा राहून त्याने स्वतःच्या स्विंगचे तुकडे तुकडे पाडले, असं सांगतात. पुस्तक निघालं. 1940 नंतर तो एकही मोठी स्पर्धा जिंकला नाही. गोल्फचे जाणकार पुस्तकाला दोष देतात, घरच्यांचं म्हणणं काही वेगळं असेल, पण मला त्या आरशाची भीती वाटते. कारण आजकाल तो आरसा प्रत्येकाच्या खिशात आहे. मी स्वतःचा फटका मामांकडून मोबाइलवर चित्रित करून घेत होतो, सावकाश गतीने बघत होतो, थांबवून थांबवून. चाळीस वर्षं जे मनगट सलाइनसाठी शीर बरोबर शोधतं, त्या मनगटाला मी दर संध्याकाळी संशयित म्हणून उभं करत होतो.

पुण्याचा म्हणून ओळखला जाणारा उदयन माने 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकला गेला, तोही अर्जेंटिनाच्या एका खेळाडूने माघार घेतल्यावर ऐनवेळी. पहिल्या फेरीत, 71 फटके अपेक्षित असलेल्या कोर्सवर, 76 फटके. जगाच्या डोळ्यांदेखत. दुसऱ्या दिवशी 69. एका रात्रीत त्याने स्विंग सुटा करून पुन्हा जोडला असेल असं मला वाटत नाही, झोपला असेल. आणि क्रिकेटवाल्यांनी हसू नये, त्यांच्याकडे अजित आगरकर आहे. 1999-2000 च्या दौऱ्यात ऑस्ट्रेलियात कसोटीत लागोपाठ पाच शून्यं. लोकांनी नावं ठेवली, ती अजून आठवतात. 2002 मध्ये त्याच आगरकरने लॉर्ड्सवर नाबाद 109 काढल्या, ते सांगायला मात्र आठवण करून द्यावी लागते.

इथपर्यंत आदरार्थी बहुवचन पुरे झालं. आता तुझ्याशी बोलतो.

तुला वाटलं असेल, पत्राच्या शेवटी मी तुला शरण येईन, किंवा तुझ्यावर शेवटचा रामबाण उपाय सांगेन. दोन्ही नाही. तुझ्यावर उपाय करणं हेच तुझं पोट आहे, हे मला आता कळलं. तुला सरळ करायला गेलो की तू वाकतोस. तुझ्याकडे बघितलं की तू फुलतोस. तुझ्यासाठी काठी विकत घेतली की तू त्या काठीत राहायला येतोस. उपचाराने पोसला जाणारा आजार डॉक्टरला एकाच मार्गाने संपवता येतो: औषध बंद.

हा मार्ग मी शोधलेला नाही. 2003-04 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात सचिन तेंडुलकर ऑफ स्टंपाबाहेरच्या चेंडूला ड्राइव्ह करायला जाऊन बाद होत होता. जगातला सगळ्यात देखणा कव्हर ड्राइव्ह, आणि तोच त्याला खात होता. सिडनीच्या कसोटीत, जानेवारी 2004 ला, त्याने तो फटका दुरुस्त केला नाही. त्याने तो मारायचाच सोडून दिला. दहा तासांहून अधिक वेळ, 436 चेंडू, नाबाद 241, आणि ऑस्ट्रेलियाचे गोलंदाज ऑफ स्टंपाबाहेर आमिष टाकून टाकून दमले. त्या डावाला लोक संयम म्हणतात. मला तो हिशोब वाटतो. ज्या दारातून चोर येतो ते दार कुलूप बदलण्यापेक्षा भिंत घालून बंद करावं.

तेव्हा ऐक. गेले काही रविवार मी टीवर ड्रायव्हर बाहेर काढलेला नाही. लांब होल असो, पाठीमागे चहावाले ज्येष्ठ असोत, मी सात नंबरचं आयर्न घेऊन उभा राहतो. मागून ‘डॉक्टर, इतक्या लांब होलला सातने?’ असं कुणी विचारतं. विचारू दे. चेंडू फार लांब जात नाही, पण गवतावर पडतो, आणि गवतावरून पुढचा फटका मारता येतो. व्हिडिओ बंद आहेत, मामांना चित्रीकरणाच्या कामावरून मोकळं केलंय, आणि डावीकडे नेम धरणंही बंद. पाय लिंबाच्या झाडाकडे, चेंडूही साधारण तिकडेच. स्कोअर काही भूषणावह झालेला नाही. हँडिकॅप जिथे नेऊन ठेवलास तिथेच आहे, तो उतरायला हंगाम जाईल. पण फेरी संपवून पाटसच्या रस्त्याने परतताना मी आता स्वतःशी बोलत नाही, हे माझ्या ड्रायव्हरने, म्हणजे गाडीच्या, मुद्दाम सांगितलं.

तू परत येशील हे मला माहीत आहे. तुझ्या कुळात कुणी कायमचं जात नाही. बर्नहार्ड लँगरला यिप्सनी किती वेळा गाठलं आणि त्याने किती वेळा पकड बदलून त्यांना हुसकावलं, हे गोल्फवाल्यांना तोंडपाठ आहे. तो मधल्या काळात दोनदा, 1985 आणि 1993 ला, मास्टर्स जिंकून गेला. ये. तुला राहायला काठीच मिळाली नाही तर तू काय करशील, ते बघायची उत्सुकता आहे.

राहिला शेजाऱ्यांचा प्रश्न. कारखान्याचं धुराडं पेटलं की टोळी येईल, ऊस तुटेल, आणि माझे चेंडू उघडे पडतील. शेजाऱ्यांनी आत्तापासून थट्टा सुरू केली आहे की मोळीत चेंडू गेले तर काट्यावर वजन त्यांच्या नावावर धरायचं. धरा. प्रत्येकी 45.93 ग्रॅम, वजन वाढवून मिळाल्याचं या भागात पहिलंच उदाहरण होईल.

वाचकांना एक कळवायचं आहे. ड्रायव्हर विकणे आहे: टाचेकडे वजन असलेला, फार न वापरलेला, उजव्या हाताचा. बारामती किंवा इंदापुरात कुणाला हवा असेल तर संध्याकाळी दवाखान्याच्या वेळेत येऊन बघून जावा. किंमत बोलून ठरवू. बरोबर सल्ला मिळणार नाही.

आपला नव्हे,
एक डॉक्टर, बारामती